कंपनीचा संगणक की जुळवलेला?

पाटोदा तालुक्यातील एका गावच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक माझे वर्गमित्र आहेत. २०१९ च्या जून महिन्यात ते एस. टी. ने बीडला आले आणि चादरीत गुंडाळलेले एक गाठोडे त्यांनी माझ्या ओसरीवर आणून ठेवले. गाठोड्यात संगणकाचा डबा होता. "हा तुझा सल्ला," ते म्हणाले, "ठेव आता तुझ्याकडेच."

त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. २०१६ साली त्यांच्या शाळेने लोकवर्गणीतून चार संगणक घेतले, तेव्हा मीच त्यांना सांगितले होते की, नावाजलेल्या कंपनीचा तयार संगणक घेऊ नका. सुटे भाग आणून दुकानदाराकडून जुळवून घ्या, म्हणजे ज्याला बाजारात 'असेंबल केलेला' म्हणतात तो घ्या. त्याच पैशांत तीनऐवजी चार येतील. गावातील निम्मी घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांतील कित्येकांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून वर्गणी दिली होती. मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहतात आणि संध्याकाळी शाळेतील अभ्यासिकेत बसतात. संगणक मुख्यतः त्यांच्यासाठी होते.

दोन वर्षे सारे ठीक चालले. मग चारांपैकी दोन संगणक मध्येच बंद पडू लागले. गंमत अशी की, दिवसा ते बिनतक्रार चालत; संध्याकाळी मात्र वीज गेली की बंद होत. आणि तेही दर वेळी नव्हे. यूपीएस जोडलेला होता, त्याची बॅटरी नवी होती, शेजारचे दोन संगणक त्याच यूपीएसवर चालूच राहत. मुलांचे लिहिलेले सगळे पुसले जाई. आता शाळेकडे आणखी चार संगणकांपुरते पैसे जमले होते आणि गावच्या बैठकीत एकमताने ठरले होते की, या वेळी कंपनीचाच घ्यायचा. मुख्याध्यापकांचा प्रश्न एवढाच होता की, गावाचे बरोबर आहे का?

विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला बराच भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पुन्हा उघडावा लागला. पण आधी थोडे मागे जाऊ. सुटे भाग आणून संगणक जुळवता येतो, हेच मुळात नवलाचे आहे. मोटारगाडी अशी जुळवता येत नाही. मग संगणक का येतो?

याचे कारण १२ ऑगस्ट १९८१ या दिवसात आहे. त्या दिवशी आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने आपला 'पर्सनल काँप्युटर' बाजारात आणला. ही कंपनी तोपर्यंत आपल्या यंत्रांचे जवळजवळ सर्व भाग स्वतः बनवीत असे. पण या वेळी घाई होती. फ्लोरिडा राज्यातील बोका रेटन येथे काम करणाऱ्या छोट्या गटाला सुमारे एक वर्षाची मुदत होती. तेव्हा त्यांनी बाहेरून भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा, ८०८८ क्रमांकाचा. संगणक चालवणारी मूळ आज्ञावली मायक्रोसॉफ्टची. आणि त्यांनी संगणकाचे विद्युत-आराखडेही पुस्तकरूपाने छापून विक्रीला ठेवले. इतरांनी त्याला जोडता येतील अशी उपकरणे बनवावीत, हा हेतू.

आता एकच गोष्ट आय. बी. एम. च्या मालकीची उरली. संगणक सुरू होताक्षणी जी छोटी आज्ञावली सर्व भागांना जागे करते, ती 'बायॉस'. तीही छापलेली होती, परंतु तिची नक्कल करणे कायद्याने गुन्हा होता. कॉम्पॅक या नव्या कंपनीने यावर नामी उपाय काढला. काही जणांनी ती आज्ञावली वाचून ती काय काय करते एवढेच लिहून काढले. मग ज्यांनी ती कधीच पाहिलेली नव्हती अशा दुसऱ्या लोकांनी, केवळ ते वर्णन वाचून, नवी आज्ञावली लिहिली. काम तेच, पण अक्षर न् अक्षर वेगळे! कॉम्पॅकचा संगणक १९८३ मध्ये विक्रीस आला. १९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने अशीच बायॉस कोणालाही विकत देण्यास सुरुवात केली आणि दार सताड उघडले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' नावाचे प्रमाण ठरवले. मदरबोर्डची लांबी-रुंदी किती, स्क्रूची भोके कोठे, वीजपुरवठ्याच्या कोणत्या तारेवर किती व्होल्ट, हे सारे त्यात आहे. म्हणून तैवानात बनलेला मदरबोर्ड, कोरियात बनलेली स्मृतिपट्टी आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून आलेला डबा बीडच्या दुकानात एकमेकांशी बिनचूक जुळतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. कंपनीचा संगणकही जुळवलेलाच असतो. प्रोसेसर तोच, इंटेलचा किंवा एएमडीचा. स्मृतीच्या चिपा बहुतांशी सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन या तिघांपैकी कोणाच्या तरी. नावाची पट्टी लावणाऱ्या पुष्कळ कंपन्या तर जुळणीसुद्धा दुसऱ्याच कारखान्यांकडून करवून घेतात. तेव्हा खरा प्रश्न 'कंपनीचा की जुळवलेला' हा नाही. जुळवला कोणी, भाग कोणी निवडले आणि निवडताना काय पाहिले, हा आहे.

आपल्या महाराष्ट्रात याचे एक मोठे उदाहरण घडून गेले आहे. १९८० नंतरच्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. त्या क्षेत्रात अमेरिकेच्या क्रे कंपनीचे नाव सर्वांत मोठे. हवामानाच्या अंदाजासाठी एक क्रे संगणक दिल्लीला मिळाला, पण तोही अटींवर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी अमेरिकेने परवानगी दिलीच नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. या मंडळींनी क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता, बाजारात मिळणारे इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे प्रोसेसर घेतले, ते एकमेकांना जोडले आणि काम वाटून देणारी आज्ञावली स्वतः लिहिली. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एका अर्थी हा आपला सर्वांत प्रसिद्ध असेंबल केलेला संगणक होय. मात्र तो जुळवणारे लोक कोण होते, हेही विसरू नये.

असो. ओसरीवरच्या गाठोड्याकडे वळू.

संगणकाच्या डब्यात मागच्या बाजूला पंखा असलेली एक पत्र्याची पेटी असते. तिला सर्वजण एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकाच दिशेचा प्रवाह देणे हे तिचे काम. संगणक विकत घेताना प्रोसेसरची पिढी, स्मृती किती, चकती किती, हे सगळे विचारले जाते. एसएमपीएसबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मीही २०१६ साली काढला नव्हता. डब्याबरोबर जो आला तो आला.

त्या पेटीवर ठळक अक्षरांत '४५० वॅट' असे छापलेले होते. खाली बारीक अक्षरांत प्रत्येक दाबाला किती अँपिअर मिळतात ते होते: १२ व्होल्टला १०, ५ व्होल्टला १५, ३.३ व्होल्टला १०. नववीच्या मुलालाही येईल असा गुणाकार करा. १२० अधिक ७५ अधिक ३३, एकूण २२८ वॅट. म्हणजे पेटी स्वतःच्याच तोंडाने स्वतःला खोटे ठरवीत होती, आणि मी ते वाचले नव्हते.

पण २२८ वॅटही त्या संगणकाला पुरेसे होते. मग तो बंद का पडे? त्याला किती वीज लागते हे आधी मोजून पाहिले. ही रीत तुम्हीही घरी करून पाहावी. हल्लीच्या वीजमापकावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२०० इंप/केडब्ल्यूएच' असे काहीतरी लिहिलेले असते. याचा अर्थ ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. घरातील बाकी सर्व बटणे बंद करून, पडदाही बंद ठेवून, केवळ संगणकाचा डबा चालू ठेवला. पाच मिनिटांत दिवा २७ वेळा लुकलुकला. २७ गुणिले ११२५, भागिले ३०० सेकंद. उत्तर १०१ वॅट आले. आपण १०० धरू.

नंतर मी ती पेटी उघडली. (तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतील धारित्रात तीनशे व्होल्टवर भार शिल्लक असू शकतो आणि त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. मीसुद्धा ती एक दिवस तशीच ठेवली आणि नंतर रोध जोडून भार उतरवून घेतला.) आत वीज येताच प्रथम डायोडांच्या जोडणीतून एकाच दिशेची होते आणि मोठ्या धारित्रांत साठते. धारित्र, म्हणजे कपॅसिटर, ही इथली पाण्याची टाकी. २३० व्होल्ट हे परिणामी मूल्य असल्याने टाकी लहरीच्या शिखरापर्यंत, म्हणजे २३० गुणिले १.४१४, सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरते. वीज गेल्यावर यूपीएस जागा होईपर्यंत संगणक या टाकीवर चालतो.

पेटीत ३३० मायक्रोफॅरडची दोन धारित्रे एकसरीत जोडलेली होती. म्हणजे मिळून १६५. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोजली तेव्हा ती प्रत्येकी २१० भरली, मिळून १०५. आतील विद्युत-अपघटनी द्रव सुकून गेला होता.

आता आकडे मांडू. धारित्रातील ऊर्जा अर्धा गुणिले धारिता गुणिले विभवांतराचा वर्ग. विभवांतर २०० व्होल्टच्या खाली गेले की पेटीचे काम थांबते असे धरू. दिवसा, दाब २३० असताना, १०५ मायक्रोफॅरडच्या टाकीत ५.५५ ज्यूल असतात. २०० व्होल्टला २.१० उरतात. म्हणजे वापरता येण्याजोगे ३.४५ ज्यूल. सेकंदाला १०० ज्यूल या दराने ते साधारण ३४ मिलिसेकंद पुरतील. टाकी मात्र सतत काठोकाठ नसते. ती लहरीच्या शिखराशीच भरते, आणि शिखरे सेकंदाला शंभर, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक. नेमकी पुढच्या शिखराच्या किंचित आधी वीज गेली, तर सुमारे ८ मिलिसेकंदांचा साठा आधीच खर्च झालेला असतो. तरीही २६ उरतात. साध्या यूपीएसला बॅटरीवर उडी मारायला ४ ते १० मिलिसेकंद लागतात. आपण ७ धरू. दिवसा भीती नाही.

संध्याकाळी काय होते? त्या गावात अंधार पडताना घरोघरचे दिवे, गिरणी आणि विहिरींवरच्या मोटारी एकदमच चालू होतात. लांबच्या तारेत दाब पडतो. शाळेत मी स्वतः १८० व्होल्ट मोजले. शिखर झाले २५४ व्होल्ट. ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात असल्याने दाब थोडा पडला तरी साठा फार घटतो. १०५ मायक्रोफॅरडमध्ये आता ३.४० ज्यूल, वापरण्याजोगे केवळ १.३०. म्हणजे टाकी भरलेली असेल तर १३ मिलिसेकंद आणि शिखराच्या आधीच्या क्षणी असेल तर ५. यूपीएसला हवेत ७! वीज लहरीच्या कोणत्या क्षणी गेली यावर संगणकाचे जगणे-मरणे अवलंबून. म्हणूनच तो कधी बंद पडे, कधी पडत नसे.

हीच धारित्रे नवी असताना, १६५ मायक्रोफॅरडच्या हिशेबाने, त्याच १८० व्होल्टला २.०४ ज्यूल मिळत होते. भरलेल्या टाकीला २० आणि वाईटात वाईट क्षणी १२ मिलिसेकंद. सातापेक्षा जास्त. म्हणून पहिली दोन वर्षे कोणाला काही कळले नाही. हा हिशेब जमला तेव्हा मला झालेला आनंद मुख्याध्यापकांना फारसा कळला नाही. ते म्हणाले, "ते सगळं खरं, पण मुलांचं काय करू?"

धारित्रे सुकली कशी, हेही सांगितले पाहिजे. अशा धारित्राच्या अंगावर दोन गोष्टी छापलेल्या असतात: तापमान आणि त्या तापमानाला किती तास टिकेल ते. तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा एक कामचलाऊ नियम आहे. आमच्या पेटीतील धारित्रे ८५ अंशांची होती. अशा स्वस्त धारित्रांचे आयुष्य बहुधा २००० तास असते. उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात बाहेर ४० अंशांवर पारा जातो. पत्र्याच्या छपराखाली, धुळीने जाळी बुजलेल्या पेटीत ६५ अंश सहज असतील. २० अंश कमी, म्हणून चौपट, म्हणजे ८००० तास. रोज आठ तासांप्रमाणे १००० दिवस. तीन वर्षेही नाहीत. तीच धारित्रे १०५ अंशांची असती, तर २००० तास चार वेळा दुप्पट होऊन ३२,००० तास झाले असते, म्हणजे ४००० दिवस. किमतीतला फरक काही रुपयांचा. खरेदीच्या पावतीवर तो कधीच दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, पाहा, कंपनीने असे केले नसते. सहसा नसते केले, हे मान्य. मोठी कंपनी एकाच नमुन्याचे हजारो संगणक बनवते. त्यातील पेटी तापवून, दाब कमी-जास्त करून तपासते. १८० किंवा २४० वॅट असे खरे आकडे छापते. पण 'सहसा' या शब्दावर जोर द्या. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेली धारित्रे जगभर पसरली होती. ती फुगत, फुटत. डेल या बड्या कंपनीच्या 'ऑप्टिप्लेक्स' जातीच्या संगणकांतही ती गेली आणि त्या दुरुस्त्यांपायी कंपनीने २००५ मध्ये ३० कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. नाव मोठे असल्याने धारित्र सुकायचे थांबत नाही. फरक एवढाच की, बदलून द्यायची जबाबदारी कोणावर आहे हे कागदावर लिहिलेले असते.

माझ्या मते कंपनीच्या नावाची खरी किंमत याच कागदात आहे. तीन वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्तीची हमी असेल, तर ती किंमत देण्यासारखी आहे. मात्र हमीचा कागद नीट वाचावा. 'जागेवर' म्हणजे कोणत्या जागेवर? तालुक्याला माणूस येतो की जिल्ह्यालाच? बीड शहराला तर १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत रेल्वेसुद्धा नव्हती. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून येणारा प्रत्येक सुटा भाग बसच्या टपावरून आलेला.

आणि हमी संपल्यावर काय? इथे कंपनीच्या संगणकाचा एक दोष उघडा पडतो. पुष्कळ कंपन्या आपल्या डब्यात एटीएक्स प्रमाणाची पेटी बसवत नाहीत. आकार वेगळा, जोडणीच्या टोकांची संख्या वेगळी, कित्येकदा फक्त १२ व्होल्ट देणारी. ती बिघडली की त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची शोधावी लागते. तोवर तो नमुना बंद झालेला असतो. कधी कधी कंपनीच धंद्यातून बाहेर पडते. ज्या आय. बी. एम. ने हे सारे सुरू केले तिने २००५ मध्ये आपला हा व्यवसाय चीनच्या लेनोव्होला विकला. आपल्याकडे विप्रोने २०१३ मध्ये संगणक बनवणे थांबवले. प्रमाण आकाराचा सुटा भाग मात्र कोणा एकाच्या मालकीचा नसल्यामुळे टिकून राहतो. १९९५ च्या मापाचा डबा आजच्या मदरबोर्डलाही चालतो.

आणखी एक छोटा हिशेब वर्गात करून पाहण्याजोगा आहे. समजा संगणकात आठ मुख्य भाग आहेत आणि प्रत्येक भाग पहिले वर्ष न बिघडता काढण्याची शक्यता ०.९८ आहे. आठही भाग धड राहिले तरच संगणक धड. म्हणून ०.९८ चा आठवा घात घ्या, तो ०.८५ येतो. वीस संगणकांपैकी तीन वर्षाच्या आत बिघडणार. आता प्रत्येक भाग थोडासा बरा निवडला, ०.९९ चा. आठवा घात ०.९२. तीनाचे दीड झाले. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण भाग निवडणाऱ्याचे महत्त्व त्यांवरून दिसते. दुकानदार चांगला असेल तर तो स्वतःच असे भाग निवडतो. वाईट असेल तर गिऱ्हाईक विचारत नाही तिथे नेमका हात मारतो.

किमतीच्या तुलनेत एक लबाडी नेहमी लपते, तीही सांगून टाकतो. कंपनीच्या संगणकाच्या किमतीत बहुधा विंडोजचा परवाना धरलेला असतो. जुळवलेल्यात दुकानदार 'टाकून देतो'. ती चोरी असते. स्वस्ताईचा मोठा वाटा कधी कधी तिथूनच आलेला असतो. शाळेने असे करू नये. लिनक्स फुकट आहे, कायदेशीर आहे, त्यात मराठी उत्तम चालते, आणि सी-डॅकने त्यावर आधारलेली 'बॉस' नावाची प्रणालीही काढली आहे.

मग आम्ही काय केले? प्रथम त्या दोन जुन्या संगणकांच्या पेट्या बदलल्या. या वेळी अँपिअर वाचून, १०५ अंशांची धारित्रे आहेत असे छापील माहितीपत्रकात पाहून, भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तपासून घेतल्या. त्यांत येणारा दाब कमी असो वा जास्त, धारित्र ३८० व्होल्टच्या आसपासच भरणारे एक मंडल असते. म्हणजे संध्याकाळचे १८० व्होल्ट त्यांना जाचत नाहीत. वापरण्याजोगा साठा माझ्या हिशेबाने सत्तर मिलिसेकंद पुरतो. (अशा पेट्यांचे काही स्वस्त यूपीएसशी पटत नाही, कारण त्या यूपीएसची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते. आधी जोडून, वीज घालवून पाहावे.) दोन्ही पेट्यांना मिळून खर्च चार हजारांच्या आत आला. शाळेच्या भिंतीतील तीन छिद्रांच्या प्लगला भूसंपर्काची तारच नव्हती, हेही त्याच वेळी उघडकीस आले. खड्डा करून, मीठ-कोळसा घालून तीही बसवली. हे काम संगणकाआधी व्हायला हवे होते.

नव्या चारांबद्दल बैठकीत बरीच वादावादी झाली. एक आजोबा म्हणाले, "मास्तर, बैल बाजारातून घ्या नाहीतर घरचा वाढवा, पण दात बघूनच घ्या." शेवटी दोन कंपनीचे, दोन जुळवलेले असे ठरले. गावाला ती तडजोड वाटली. मला आयताच प्रयोग मिळाला.

चार संगणकांवरून नियम काढू नये हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तरी काय घडले ते नोंदवतो. जुळवलेल्यांपैकी एकाची स्मृतिपट्टी पहिल्याच महिन्यात गेली; हमीत होती, पण ती पुण्याला जाऊन परत यायला तीन आठवडे लागले. कंपनीच्या एकाचा मदरबोर्ड दुसऱ्या वर्षी गेला. फोन केल्यावर चौथ्या दिवशी माणूस आला, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. २०२३ च्या वळवाच्या पावसात वीज शाळेजवळच्या खांबावर पडली. त्या रात्री प्लग काढायचे राहून गेले होते. एका जुळवलेल्याची आणि एका कंपनीच्या संगणकाची पेटी जळाली. जुळवलेल्याची पेटी दुसऱ्या दिवशी बीडच्या दुकानातून आणून, दहावीच्या दोन मुलींनी चार स्क्रू फिरवून बसवली. कंपनीच्या संगणकाची हमी संपलेली होती. त्याची पेटी निराळ्या आकाराची. ती मिळायला दोन महिने लागले आणि किंमत दुपटीहून अधिक पडली.

मला आता कोणी विचारले तर मी समोरच्यालाच उलट विचारतो: हातात स्क्रू-ड्रायव्हर धरणारे तुमच्याकडे कोणी आहे का? घरात एकच संगणक, मुलाची बारावी, आणि बिघडला तर पाहणारे कोणी नाही, अशा घराने कंपनीचाच घ्यावा आणि हमी तीन वर्षांची घ्यावी. शाळेत चार-सहा सारखे संगणक असतील आणि एखादा उत्साही शिक्षक असेल, तर जुळवलेलेच बरे. एकाचा भाग दुसऱ्याला लावून दोष शोधता येतो, आणि मुलांना आत काय असते ते दाखवता येते. पेटीवरचे अँपिअर मात्र दोघांनीही वाचावेत.

२०१६ चे ते दोन जुने डबे अभ्यासिकेत अजून चालू आहेत. संध्याकाळी वीज गेली की यूपीएस टक् करून वाजतो आणि मुले मान वर न करता टंकत राहतात. मुख्याध्यापकांची चादर माझ्याकडेच आहे.